हक्काच्या पैशाचा हिशेब सभागृहात कोण मागणार?

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाच्या निधीतून ४१० कोटी ३० लाख रुपये आणि आदिवासी विकास विभागाच्या निधीतून ३३५ कोटी ७० लाख रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे गेले. विरोधी पक्षांनी त्यावर आरडाओरड करणे स्वाभाविकच होते. पण या वेळी खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्याला विश्वासात न घेता निधी वळवला, अशी जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारकडून उत्तर आले की, निधी वळवलेला नाही; अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थी महिलांची रक्कम नियमाप्रमाणे त्या त्या घटकाच्या लेखाशीर्षाखाली दाखवलेली आहे. वाहिन्यांवर चर्चा झाली, निषेधाची पत्रके निघाली, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदने दिली गेली आणि नेहमीप्रमाणे पुढे सारे शांत झाले.

आमचा प्रश्न मात्र तिथे संपत नाही, तिथूनच सुरू होतो. सरकारचे म्हणणे क्षणभर खरे मानू. ही रक्कम नियमाप्रमाणे अर्थसंकल्पात दाखवलेली होती, असे धरून चालू. मग तो अर्थसंकल्प मार्च महिन्यात विधानसभेने मंजूर केला होता. २८८ आमदारांच्या या सभागृहात अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. सामाजिक न्याय विभागाची मागणी मतास टाकली गेली, तेव्हा या ५४ जणांपैकी कितीजणांनी ते पान उघडले होते? उलट, मंत्र्यांची तक्रार खरी मानली, तर खात्याच्या मंत्र्यालाच न विचारता खात्याचा पैसा हलवणारे हात कोणाचे, हे सभागृहाने विचारायला हवे होते. दोन्हींपैकी काहीही खरे असो, हिशेब मागण्याची जागा एकच आहे. ती वाहिनीचा स्टुडिओ नव्हे, ती विधिमंडळ आहे.

आमच्या बहिणीचे पैसे कोणाच्या तिजोरीतून?

कोणी म्हणेल, दलित स्त्री ही लाडकी बहीण नाही काय? तिच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जातात, याचे तुम्हाला दुःख का? हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

दलित स्त्रीला या योजनेचा लाभ मिळतो तो ती दलित आहे म्हणून नव्हे. २१ ते ६५ वयोगटातील आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या राज्यातील कोणत्याही स्त्रीला जो लाभ आहे, तोच तिला आहे. ती या राज्याची नागरिक आहे. काडीपेटीपासून मोबाईलपर्यंत प्रत्येक खरेदीवर तीही कर भरते. मग इतर बहिणींचे पैसे सर्वांच्या तिजोरीतून द्यायचे आणि आमच्या बहिणीचे पैसे मात्र आमच्याच मुलांच्या वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी, घरकुलासाठी राखलेल्या निधीतून द्यायचे, हा कुठला न्याय? एका हाताने आईच्या पदरात टाकायचे आणि दुसऱ्या हाताने लेकराच्या दप्तरातून काढायचे! यात आईला काय मिळाले?

ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये ठरले होते. त्या दराने ४१० कोटी ३० लाखांत ६८ हजार मुलामुलींचे एक वर्षाचे शिक्षण उभे राहते. हा हिशेब करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, पाटीवरचा भागाकार पुरेसा आहे. पण तो भागाकार सभागृहात मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस लागतो.

आणि हे एका पक्षाचे, एका राज्याचे पाप आहे असेही समजू नका. शेजारच्या कर्नाटकात काँग्रेसचे सरकार आले आणि २०२३-२४ मध्ये त्यांनी आपल्या ‘गॅरंटी’ योजनांसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेतून ११ हजार कोटींहून अधिक रक्कम दाखवली. युक्तिवाद तोच, लाभार्थींमध्ये दलित-आदिवासीही आहेत ना! त्याआधी २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचा झगमगाट झाला, तेव्हा दिल्ली सरकारने अनुसूचित जाती उपयोजनेतील शेकडो कोटी रुपये त्या स्पर्धांच्या कामांकडे वळवल्याचे उघड झाले. झेंड्यांचे रंग वेगळे, पण खिशात हात घालण्याची रीत एकच.

मात्र दिल्लीच्या त्या प्रकरणात एक धडा आहे. दलित हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात कागद मिळवले, ते कागद खासदारांच्या हातात पडले, राज्यसभेत प्रश्न गाजला आणि तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना सभागृहात निधी वळवल्याचे कबूल करावे लागले. रस्त्यावरच्या घोषणेला सरकार कानाआड करते. कागद हातात घेऊन सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला मात्र त्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदले जाते.

बाबासाहेबांनी पैशाला पहारेकरी का नेमले?

सरकारी पैशावर लोकप्रतिनिधींची हुकमत ही आकाशातून पडलेली देणगी नाही. १८६० पासून इंग्रज सरकार हिंदुस्थानचा अर्थसंकल्प मांडू लागले, पण त्यावर बोलण्याचा अधिकारही इथल्या माणसाला नव्हता. १८९२ च्या कायद्याने बोलण्याची मुभा मिळाली, मत देण्याची नाही. १९०९ च्या कायद्याने ठराव मांडता येऊ लागले. १९१९ च्या कायद्याने काही खर्चावर मत देता येऊ लागले, तर सभागृहाने नाकारलेली रक्कम पुन्हा मंजूर करून घेण्याचा अधिकार गव्हर्नरच्या हाती राहिला. म्हणजे तुम्ही बोला, आम्ही खर्च करतो, असा सारा कारभार!

हा इतिहास ज्यांनी मुळापासून अभ्यासला, त्यांचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे एम.ए.चे लेखन ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व वित्तव्यवस्थेवर होते आणि डॉक्टरेटचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. तो १९२५ मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांना आपण कायदेपंडित म्हणून ओळखतो, समाजक्रांतिकारक म्हणून वंदन करतो. पण सरकारची तिजोरी कशी भरते, कोणाच्या खिशातून भरते आणि कोणासाठी रिती होते, हे या देशात बारकाईने अभ्यासणाऱ्या पहिल्या पिढीतले ते अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण विसरतो.

हा अभ्यास त्यांनी कपाटात ठेवला नाही. १९२७ च्या फेब्रुवारीत ते मुंबई विधान परिषदेत गेले आणि त्याच महिन्यात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. प्राप्तिकर भरणाऱ्याला उत्पन्न नसेल तर कर नाही. पण गुंठाभर जमीन कसणाऱ्याला पीक बुडाले तरी शेतसारा द्यावाच लागतो, या अन्यायावर त्यांनी बोट ठेवले. पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. या इलाख्यात शिक्षणावर माणशी सुमारे १४ आणे खर्च होतात आणि दारूच्या उत्पन्नातून मात्र माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात. दारूतून जितके घेता, निदान तितके तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

शिक्षणावरचे हे भाषण चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या त्याच महिन्यातले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. मार्च १९२७! महाडला पाण्याचा हक्क आणि मुंबईच्या कौन्सिलात पैशाचा हिशेब. बाबासाहेबांच्या लेखी ही दोन कामे वेगळी नव्हती. सार्वजनिक तळे जसे सर्वांचे, तशीच सार्वजनिक तिजोरीही सर्वांची. तळ्यावर जायचे आणि तिजोरीकडे पाठ फिरवायची, ही चळवळ बाबासाहेबांची नव्हे.

पुढे संविधान लिहिताना हाच अनुभव कामी आला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतीतला फरक समजावून दिला. संसदीय पद्धतीत सरकार कदाचित कमी स्थिर असेल, पण ते अधिक जबाबदार असते. कारण त्याच्या कारभाराची तपासणी दोनदा होते. एक मतदार करतात, निवडणुकीच्या वेळी. दुसरी लोकप्रतिनिधी करतात, रोजच्या रोज. प्रश्न विचारून, ठराव मांडून, तहकुबी सूचना आणून, अविश्वासाचा प्रस्ताव आणून. ही रोजची तपासणी अधिक परिणामकारक आहे आणि भारतासारख्या देशात तीच अधिक गरजेची आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मग संविधानात पैशाला जागोजागी पहारे बसवले गेले. राज्यापुरते सांगायचे तर अनुच्छेद २०२ प्रमाणे सरकारने दरवर्षी जमाखर्चाचे विवरण सभागृहापुढे ठेवले पाहिजे. २०३ प्रमाणे खर्चाच्या मागण्या विधानसभेच्या मतास टाकल्या पाहिजेत; विधानसभा ती मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. २०४ प्रमाणे विनियोजनाचा कायदा झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक पैसाही काढता येत नाही. मंजुरीपेक्षा जास्त लागले, तर २०५ प्रमाणे पुन्हा सभागृहापुढे हात पसरावे लागतात. आणि खर्च झाल्यावर तो मंजुरीप्रमाणे झाला की नाही, हे तपासायला अनुच्छेद १४८ चा भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक आहे. या अधिकाऱ्याबद्दल ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी त्याला संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले आणि त्याचे काम न्यायसंस्थेहूनही अधिक महत्त्वाचे असल्याचे सांगितले. संसदेने मंजूर केलेल्या खर्चाची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे तो पाहतो, म्हणून!

पहारेकरी झोपले की काय होते?

इतके पहारे असताना चोरी होतेच कशी? उत्तर सरळ आहे. पहाऱ्याचा हुद्दा आहे, पण पहारा नाही.

१४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गोंधळ चालू असताना सर्व मंत्रालयांच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना सुमारे अर्ध्या तासात मंजूर झाले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा तेच. सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला लोकसभेने काही मिनिटांत मान डोलावली. संसदीय भाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. चर्चेसाठी दिलेली मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकायच्या. गिलोटिन हे मान उडवण्याचे यंत्र. इथे मान उडते ती जनतेच्या प्रश्नाची.

महाराष्ट्रात याहून वेगळे चित्र नाही. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि पंधरवडाही उलटायच्या आत, ९ जुलैला, ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या. पुरवणी मागणी ही अडीअडचणीला, अवर्षणाला, अचानक आलेल्या खर्चासाठी असते. सासूबाईंनी सकाळी बाजाराची यादी द्यावी आणि दुपारी सूनबाईंनी तेवढ्याच लांबीची दुसरी यादी काढावी, तसा हा प्रकार! मग पहिल्या यादीवर झालेल्या चर्चेला अर्थ काय उरला?

निधी मंजूर झाला म्हणजे तो मिळाला, असेही नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तरतूद होते, तो पहिला टप्पा. वित्त विभाग त्यातील किती रक्कम खात्याला वितरित करतो, तो दुसरा. खाते ती जिल्ह्याला कधी पाठवते, तो तिसरा. जिल्ह्यात ती प्रत्यक्ष खर्च होते का, तो चौथा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसा खाली आला की घाईघाईने तो कुठल्या तरी खात्यात जमा करून खर्च झाल्याचे दाखवायचे, नाही तर परत करायचा. परत केलेल्या निधीला सरकारी भाषेत ‘समर्पित’ म्हणतात. किती पवित्र शब्द! आमच्या पोरांची शिष्यवृत्ती थकते, महाविद्यालय फी भरल्याशिवाय दाखला देत नाही, गुणपत्रिका अडवते, आणि इकडे आमचाच निधी ‘समर्पित’ होतो!

अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० पासून सुरू झाली. तत्त्व साधे होते. लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजनाचा पैसा बाजूला काढायचा. तो दुसरीकडे वळवता येणार नाही आणि वर्षअखेर बुडणारही नाही, असे नियोजन आयोगाने पुढे बजावले. पण ते होते मार्गदर्शक सूचनांच्या रूपात, कायद्याच्या रूपात नव्हे. २०१५ मध्ये नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. २०१७-१८ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पातून योजना आणि योजनेतर हा भेदच काढून टाकला गेला. नाव बदलत गेले, हिशेब अधिक धूसर होत गेला. सर्वांसाठीच्या कामांतला एक तुकडा अनुसूचित जातींच्या नावे दाखवायचा आणि आकडा भरून काढायचा, ही पद्धत रूढ झाली. डांबराच्या रस्त्यावरून बौद्धवाड्यातील माणूसही चालतो, म्हणून रस्त्याचा खर्च आमच्या नावावर! वाड्यापर्यंत तो रस्ता येतो की नाही, हे मात्र कोणी पाहायचे नाही.

शिष्यवृत्तीचेच पाहा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, त्या काळातील. देशातील लाखो घरांत पहिला पदवीधर याच शिष्यवृत्तीने घडला. पण बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर केंद्राने आपला वाटा आखडता घेतला, बोजा राज्यांवर पडला आणि राज्यांनी हात वर केले. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राला पाच वर्षांसाठी ५९ हजार ४८ कोटींच्या योजनेला मंजुरी द्यावी लागली आणि केंद्राचा ६० टक्के वाटा ठरवावा लागला. त्या मधल्या वर्षांत ज्यांचे शिक्षण सुटले, त्यांना कोण परत आणणार? धोरणात बदल झाला, असे कुठेही गाजावाजा करून सांगितले गेले नव्हते. फक्त जमाखर्चाच्या एका रकान्यातील सूत्र बदलले होते. आमच्या पिढ्यांचे भवितव्य अशा रकान्यांत ठरते.

ठराव सभागृहाचा, मर्जी सरकारची

कोणी म्हणेल, सभागृहात बोलून काय होते? नामांतराच्या लढ्यात रक्त सांडलेल्या चळवळीला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी! सोळा वर्षे सभागृहाचा ठराव सरकारच्या दाराशी पडून होता. या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाले.

पण या इतिहासाचा अर्थ सभागृह निरुपयोगी आहे असा नाही. सभागृहाने ठराव केला आणि मग तो ठराव अमलात का आला नाही, हे विचारण्याचे काम सभागृहाने सोडून दिले, असा त्याचा अर्थ आहे. चळवळ ते काम सोळा वर्षे रस्त्यावर करीत राहिली. मंजुरी देणे हे सभागृहाचे अर्धेच काम आहे. मंजुरीचे पुढे काय झाले, हे विचारणे हे उरलेले अर्धे. आपल्या लोकशाहीत नेमके हे दुसरे अर्धे काम बेवारस पडले आहे.

महालेखापरीक्षकांचे अहवाल पाहा. ते बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी बातमी येते, तिसऱ्या दिवशी रद्दी होते. लोकलेखा समितीने त्यावर साक्षी घ्यायच्या, सचिवांना बोलावून जाब विचारायचा, शिफारशी करायच्या आणि सरकारने त्यावर काय केले ते पुन्हा तपासायचे, अशी रचना आहे. पण या कामात टाळ्या नाहीत, फोटो नाहीत, फलक नाहीत. म्हणून त्यात रस घेणारे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि आमचे राखीव जागांवरचे प्रतिनिधी? १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. निवडून येण्यासाठी ज्यांच्या मतांवर, ज्यांच्या तिकिटावर अवलंबून राहायचे, त्यांच्याविरुद्ध तोंड कसे उघडणार, हा पेच तेव्हापासूनचा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्यावर व्हीपचे कुलूप लावले. मागणी मतास टाकली असता पक्षाविरुद्ध मत दिले, तर आमदारकीच जाऊ शकते. हे सारे मान्य. पण व्हीप मताला आहे, प्रश्नाला नाही! तारांकित प्रश्न विचारायला, लक्षवेधी मांडायला, समितीच्या बैठकीत कागद मागायला कोणता व्हीप आडवा येतो? अनुसूचित जाती कल्याण समिती ही विधिमंडळाचीच समिती आहे. तिला अधिकाऱ्यांना बोलावता येते. तिचे दौरे जिल्ह्यात होतात तेव्हा हारतुरे आणि जेवणावळींऐवजी खर्चाचे विवरण मागितले गेले, तर अर्धे काम होईल.

इथे आपल्याच घरातलीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पहारा फक्त परक्यांवर ठेवायचा नसतो. साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातील कोट्यवधींच्या अपहाराच्या प्रकरणात २०१५ मध्ये महामंडळाच्या तत्कालीन अध्यक्षालाच अटक झाली होती. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण मातंग समाजातील बेरोजगार तरुणांच्या कर्जासाठीचे महामंडळ वर्षानुवर्षे ठप्प झाले, हे नुकसान कोणी भरून द्यायचे? माणूस आपला आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही, ही जातीची निष्ठा झाली, संविधानाची नव्हे. बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध दिलेला इशारा तिजोरीच्या किल्ल्यांनाही लागू आहे.

आता काय केले पाहिजे?

पहिली गोष्ट कायद्याची. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेचा कायदा केला. तेलंगणाने २०१७ मध्ये विशेष विकास निधीचा कायदा केला. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा, ही मागणी चळवळ वर्षानुवर्षे करीत आली आहे. पण नुसत्या कायद्याच्या नावावर भाळून चालणार नाही, हे कर्नाटकाने दाखवून दिले. तिथल्या कायद्यात सर्वसाधारण कामांवरचा खर्च ‘मानीव खर्च’ म्हणून अनुसूचित जातींच्या नावे दाखवण्याची पळवाट होती. ते ७-ड कलम २०२३ मध्ये रद्द करावे लागले आणि तरीही गॅरंटी योजनांकडे पैसा गेलाच. म्हणून महाराष्ट्रातील कायद्यात तीन गोष्टी निःसंदिग्ध शब्दांत हव्यात. सर्वांसाठीच्या योजनेचा खर्च या निधीवर टाकता येणार नाही. न खर्चलेली रक्कम पुढील वर्षी त्याच कामासाठी मिळेल. आणि निधी वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल. हा निधी महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११.८ टक्के लोकसंख्येचा आहे. तो कोणाच्या मेहेरबानीचा तुकडा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्या वस्त्यांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, ते झालेच पाहिजे. पण एक दिवस अर्थसंकल्पाच्या वाचनाचाही असू द्या. राज्याचा अर्थसंकल्प आता संकेतस्थळावर मिळतो, खात्याला किती रक्कम वितरित झाली तेही पाहता येते. आपल्या गावागावांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, लेखा विभागातील कर्मचारी आहेत, वाणिज्य शाखेची मुलेमुली आहेत. बुद्धविहारात बसून दहा जणांनी सामाजिक न्याय विभागाच्या मागणीची पाने उलटली, आपल्या तालुक्यातील वसतिगृह, घरकुल, वस्तीसुधार यांच्या रकमा वहीत उतरवल्या आणि सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात खर्च विचारला, तर जे कागद हाती येतील त्यापुढे कोणत्याही आमदाराला नजर चुकवता येणार नाही.

तिसरी गोष्ट मत मागायला येणाऱ्यांसाठी. आजवर उमेदवाराला आपण विचारत आलो, जयंतीला किती वर्गणी देणार, कमान कधी बांधणार, समाजमंदिराला फरशी कोण घालणार. यापुढे पहिला प्रश्न असा असावा : गेल्या पाच वर्षांत आमच्या निधीबद्दल तुम्ही सभागृहात किती प्रश्न विचारलेत? प्रश्नांचे क्रमांक सांगा. कामकाजाची नोंद छापलेली असते, खोटे बोलता येणार नाही. ज्याने एकही प्रश्न विचारला नाही, त्याला आपणही एकही मत देऊ नये. ही बाबासाहेबांनी सांगितलेली दुसरी तपासणी आहे, मतदाराची. पहिली तपासणी करणारे झोपले, तर त्यांना जागे करण्याचे काम या दुसऱ्या तपासणीचे आहे.

भीक मागणारा किती मिळाले ते मोजत नाही, कारण देणाऱ्याची मर्जी त्याला सांभाळावी लागते. मालक मात्र दिवसाअखेर गल्ला मोजतोच. बाबासाहेबांनी आपल्याला या देशाच्या तिजोरीचे मालक केले आहे, याचक नव्हे. मार्चमध्ये विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन भरते. त्याआधी आपापल्या तालुक्याचा कागद तयार ठेवा आणि तो आपल्या आमदाराच्या हातात नेऊन द्या. मग सभागृहात तो बोलतो की गप्प बसतो, ते आपण पाहू.

जयभीम!